भुतांच्या सिनेमांवर बोलायला कसे बसावे : नवशिक्यांसाठी

शनिवारी रात्री जेवणे आटोपून चार मित्र गच्चीवर जमले, की साडेदहाच्या सुमारास विषय सिनेमावर येतो आणि अकरापर्यंत दोन प्रश्नांपाशी येऊन अडतो. पहिला प्रश्न : मनापासून आवडतो, पण चारचौघांत सांगायची लाज वाटते, असा तुझा भुताचा सिनेमा कोणता? दुसरा : ज्यात एकही खोट काढता येणार नाही, असा सिनेमा कोणता? दोन्हींवर ज्याला काही सुचत नाही तो "उद्या लवकर उठायचंय रे" म्हणून निघतो, आणि जिन्याचा दिवा बंद व्हायच्या आत त्याच्याविषयी बोलणे सुरू होते. आपल्यावर ती वेळ येऊ नये म्हणून पुढील सूचना.

आधीची तयारी

साहित्य फारसे लागत नाही. गच्ची नसेल तर गॅलरी, प्लास्टिकच्या खुर्च्या, चिवडा, आणि ज्याला जे प्यायचे ते. चिवड्यातले दाणे कोण वेचून खातो याकडे लक्ष असू द्यावे. दुसऱ्याच्या लाडक्या सिनेमावर पहिला हात तोच टाकणार असतो.

मोबाइल पालथा ठेवावा. 'वीराना' 1987 चा की 1988 चा, हा वाद वीस मिनिटे चालतो. तेवढ्या वेळात कोणी तो कुणाच्या घरी, भाड्याच्या व्हीसीआरवर, आईला काय थाप मारून पाहिला हे सगळे बाहेर येते. गुगल केले की फक्त '1988' एवढेच हाती लागते.

माणसांपैकी दोघांची ओळख आधी करून घ्यावी. पहिला कोर्सवाला. याने पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्हचा महिनाभराचा रसास्वादाचा कोर्स कधीकाळी केलेला असतो आणि त्यानंतर तो 'सीन' म्हणत नाही, 'फ्रेम' म्हणतो. दुसरी एक मैत्रीण असते. ती फार बोलत नाही, पण लहानपणी आजीबरोबर 'झी हॉरर शो'चा एकही भाग न चुकवल्यामुळे तिला सगळे माहीत असते. कोर्सवाल्याशी वाद घालावा, हिच्याशी घालू नये.

क्रमही पाळावा. आधी लाजेची यादी, मग बिनखोट सिनेमांची. उलटे केले की सगळे एकदम सुसंस्कृत होतात. कोणीतरी कुरोसावाचे नाव घेतो, पाठी ताठ होतात, आणि मग तासभर कोणाची रामसे म्हणायची छाती होत नाही.

लाजेची यादी

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे खोटी कबुली. "माझं गिल्टी प्लेजर म्हणशील तर 'द शायनिंग'." नोकरीच्या मुलाखतीत "मी फार काम करतो हाच माझा दोष" असे सांगणाऱ्यातला हा प्रकार आहे. कुब्रिकचा सिनेमा आवडण्यात लाज कसली? त्याच न्यायाने 1980 चा 'गहराई'ही या यादीत चालत नाही. अरुणा राजे आणि विकास देसाई यांचे दिग्दर्शन, डॉ. श्रीराम लागू, अमरीश पुरी, झपाटलेल्या मुलीच्या कामात पद्मिनी कोल्हापुरे : हा सरळ चांगला सिनेमा आहे. तो लाजेच्या यादीत घालणारा स्वतःची अभिरुची मिरवत असतो. त्याला चिवड्याचा डबा देऊ नये.

खरी कबुली रामसेंपासून सुरू होते, म्हणून त्यांची माहिती पाठ हवी. मूळ आडनाव रामसिंघानी. वडील फत्तेचंद यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते, फाळणीनंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला. मुलगे सात. 1970 साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला, तो पडला. मात्र त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्या एका दृश्याला थिएटरात लोक दचकतात हे तुलसी आणि श्याम या भावांच्या लक्षात आले. बाकीचा सिनेमा काढून टाकून नुसते दचकवणेच ठेवले तर काय होईल, हा हिशेब तिथे झाला. 1972 चा 'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरात झाला. सगळे कुटुंबच तिकडे गेले, घरच्या बायकांनी युनिटचा स्वयंपाक केला. पटकथा कुमार, कॅमेरा गंगू, ध्वनी किरण, संकलन अर्जुन. बाहेरच्या माणसाला पैसे द्यावे लागतील असे कामच शिल्लक ठेवले नाही.

इथे कोर्सवाला "पण सिनेमाची भाषा..." असे काहीतरी सुरू करेल. त्याला शांतपणे सांगावे, की वडिलांनी या मुलांना काश्मिरात हाउसबोटीवर नेऊन जोसेफ मॅसेलीचे 'फाइव्ह सीज ऑफ सिनेमॅटोग्राफी' घोटून घेतले होते. हे पुस्तक कोर्सवाल्याच्याही कपाटात असते. घोटलेले असेलच असे नाही.

आणखी एक मुद्दा हाताशी ठेवावा, कारण तो बोलणाऱ्याला एकदम जाणकार ठरवतो. रामसेंच्या आधीच्या हिंदी सिनेमातली गाजलेली भुते बहुतेक शेवटी भुते नसायचीच. 'महल'मधली मधुबाला माळ्याची मुलगी निघते. 'बीस साल बाद', 'वह कौन थी' यांतही शेवटी माणसाचेच कारस्थान बाहेर येते. अडीच तास घाबरवून मग "घाबरायचं काही नव्हतं" असे सांगायची ती सभ्य पद्धत होती. रामसेंनी ही सवलत काढून घेतली. त्यांचे भूत हे भूतच असते, पोलिसांत देऊन भागत नाही, त्रिशूळच लागतो.

आता 'पुराना मंदिर' (1984). रामसेंचा हा सर्वांत गाजलेला सिनेमा, आणि नवशिक्याने एकच पाहायचा तर हाच पाहावा. कथा अशी : दोनशे वर्षांपूर्वी राजाने सामरी नावाच्या सैतानाचे मुंडके उडवले. मुंडके पेटीत घालून हवेलीत ठेवले, धड जुन्या देवळापाशी पुरले. मरता मरता सामरीने शाप दिला, की या घराण्यातली बाई बाळंतपणात मरेल. मुंडके धडाला चिकटले की सामरी उठणार, हे लहान मुलालाही कळते.

प्रश्न विचारायचा तो हा : मग दोन्ही एकाच पंचक्रोशीत का ठेवली? मुंडके इथे ठेवून धड नागपूरला का धाडले नाही?

यावर "अरे, सिनेमा आहे तो" हे उत्तर चालत नाही. हे वाक्य बैठकीत ज्याने उच्चारले त्याने खालच्या टपरीवरून सगळ्यांसाठी सोडा आणावा. मान्य उत्तरे अशी असतात. एक : मुंडके घेऊन नागपूरला जाणार कोण, तू? दोन : राजाचे लक्ष राहावे म्हणून. तीन, आणि हे मैत्रीण देते : "दोनशे वर्षं टिकलं ना? मग पद्धत बरोबरच होती. नंतरच्यांनी पेटी उघडली त्याला राजा काय करणार?" यावर क्षणभर सगळे गप्प होतात, कारण आपापल्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपासून गावाकडच्या सातबाऱ्यापर्यंत सगळे याच तत्त्वावर टिकून असते. मग कोणीतरी विचारतो, की शेवटी सामरीला जाळूनच संपवतात, तर हे दोनशे वर्षांपूर्वी का सुचले नाही? हा प्रश्न अजून सुटलेला नाही. नवशिक्याने तो सोडवू नये, पुढच्या शनिवारी लागतो.

सामरीच्या कामातला अनिरुद्ध अगरवाल रुरकीचा इंजिनिअर, हे योग्य क्षणी सांगावे. योग्य क्षण म्हणजे गटातला एखादा इंजिनिअर नोकरीविषयी कुरकुर करत असेल तेव्हा. पुढे हाच माणूस 'बँडिट क्वीन'मध्ये बाबू गुज्जर झाला, तेव्हा मात्र कोणी हसले नाही. आणि कोर्सवाला 'अर्धसत्य'च्या आठवणीने हळवा झाला, तर त्याला एवढेच आठवून द्यावे, की 1983 साली रामा शेट्टी साकारणारे सदाशिव अमरापूरकर 1984 साली 'पुराना मंदिर'मध्ये होते.

'वीराना'विषयी बोलताना पुरुष मंडळी हटकून खोटे बोलतात. "मला त्यातलं लायटिंग आवडतं." लायटिंग खरोखर बघण्यासारखे आहे. निळ्या धुरात मध्येच लाल, मध्येच हिरवा उजेड, चंद्र कुठला आणि बल्ब कुठला हे विचारायचे नाही. पण चाळीस वर्षांच्या आतबाहेरचा माणूस 'वीराना' आठवतो तो जस्मिनसाठी, आणि हे गच्चीवरच्या प्रत्येकाला माहीत असते. ही बाई त्यानंतर पडद्यावरून अशी नाहीशी झाली, की तिच्याविषयीच्या दंतकथा सिनेमापेक्षा मोठ्या झाल्या. लायटिंगवाल्याला अडवू नये. त्याला फक्त विचारावे, "कुठल्या सीनमधलं?"

झपाटलेला : विशेष सूचना

मराठी बैठकीत 'झपाटलेला' (1993) आला, की तो भयपट की विनोदी, यावर फूट पडते. महेश कोठारे यांनी अमेरिकेतल्या 'चाइल्ड्स प्ले'वरून बीज घेतले, रामदास पाध्ये यांनी बाहुला घडवला, आणि दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू त्या बाहुल्यात शिरला. लक्ष्याचे काम असल्यामुळे पोस्टर पाहून आईवडील मुलांना निर्धास्तपणे घेऊन गेले. घरी आल्यावर शोकेसमधल्या सगळ्या बाहुल्यांची तोंडे भिंतीकडे करावी लागली. निकष सोपा आहे. ज्याच्या घरी बाहुल्या वळवल्या गेल्या त्याने भयपट म्हणावे, बाकीच्यांनी विनोदी. ज्याच्या घरी शोकेसच नव्हती त्याने मध्ये बोलू नये.

मात्र हा सिनेमा लाजेच्या यादीत टाकणाऱ्याला मैत्रीण लगेच रोखते, आणि मी तिच्या बाजूचा आहे. तात्याचे पाय थिजलेले आहेत, तोंड मोजके हलते, पळतो तेव्हा खालून कोणीतरी धरले आहे हे कळते. तरी तो वाईट वाटत नाही. कारण तो बाहुलाच आहे, आणि बाहुला असाच हलणार. संगणकावर गुळगुळीत केलेला तात्या मला एक रात्रही जागवू शकणार नाही.

राम गोपाल वर्मा यांच्यासाठी पाच मिनिटे पुरतात. 'रात', 'कौन' आणि 'भूत' चांगले आहेत असे म्हणावे. 'फूंक' एकट्याने थिएटरात बसून पाहणाऱ्याला पाच लाखांचे बक्षीस लावले होते, हे सांगून हशा घ्यावा आणि पुढे जावे.

बिनखोट सिनेमा

इथे आवाज एक पट्टी खाली येतो. सगळे एकेक नाव विचार करून घेतात. 'जाने भी दो यारों'. 'सिंहासन'. कोणी 'कोर्ट'. नवशिक्याने समजून घ्यायचे ते इतकेच, की नाव घेताक्षणी गटाचे काम बदलते. मघापर्यंत भिकार सिनेमातल्या भोकांना ठिगळे लावत बसलेली हीच माणसे आता चांगल्या सिनेमाला भोके पाडायला लागतात. 'पुराना मंदिर'मधले धड आणि मुंडके एकाच गावात का, यासाठी ज्यांनी तीन कारणे शोधली, तेच आता 'शोले'ला एकही द्यायला तयार नसतात.

'शोले'चे उदाहरण घोकून ठेवावे. रामगढमध्ये वीज नाही, संध्याकाळी जया भादुरी एकेक दिवा मालवत जाते. मग ज्या टाकीवर वीरू चढतो, त्या टाकीत पाणी कोणी चढवले? हा प्रश्न इतका जुना आहे, की तो विचारणाऱ्याला आता कोणी हुशार मानत नाही. न विचारणाऱ्याला मात्र नवखा मानतात.

'सायको'चे नाव घेतले, की शेवटचे मानसोपचारतज्ज्ञाचे भाषण पुढे येते. हिचकॉकने न्हाणीघरात चॉकलेट सिरपचे रक्त करून जग हादरवले आणि मग एक डॉक्टर उभा करून सगळे समजावून सांगितले. ही खोट खरी आहे. कोर्सवाला तिचे समर्थन करेल. करू द्यावे, तेवढ्यात चहा होतो.

'अशी ही बनवाबनवी' (1988) बिनखोट आहे असे कोणी म्हटले तर मान डोलवावी. तो हृषीकेश मुखर्जी यांच्या 1966 च्या 'बीवी और मकान'वर बेतलेला आहे, एवढे फार तर सांगता येते. सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे पातळ नेसून समोर वावरत असताना कोणाला कसे कळत नाही, हा प्रश्न मनात आला तर मनातच ठेवावा. एका गटात हा प्रश्न मोठ्याने विचारला गेला होता. तो गट आता भेटत नाही.

सर्वांत बिकट प्रसंग 'तुंबाड'चा. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा 2018 मध्ये आला तेव्हा गच्चीवरच्या चौघांपैकी एकानेच तो थिएटरात पाहिला होता. 2024 च्या सप्टेंबरात पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला, आणि आता चौघेही 2018 चेच प्रेक्षक आहेत. याबद्दल कोणाला तिकीट मागू नये. सासवडच्या वाड्यातले चित्रीकरण, खऱ्या पावसासाठी पावसाळ्यामागून पावसाळे थांबणे, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून आणि भीतीचे बियाणे नारायण धारपांकडून : ही माहिती मराठी माणसाने किंचित अभिमानाने द्यावी. कोणीतरी "मग मराठीत का नाही केला?" असा खडा टाकेलच. त्यावर एक मिनिट हळहळावे.

बिनखोट म्हणून ठराव मंजूर होत असताना विरोधी मत मांडायचे असेल, तर माझे उसने घ्यायला हरकत नाही. पहिल्या भागात साखळदंडांनी बांधलेली ती आजी आहे. पोरगा तिच्यासाठी ताट घेऊन जातो आणि बराच वेळ ती आपल्याला धड दिसतच नाही. नुसता घोरण्याचा आवाज येतो आणि ताटाशी हात थरथरतो. हिच्यापुढे नंतरचा राक्षस, हस्तर, मला कधीच पुरा पडला नाही. विहिरीसारख्या त्या गर्भात दोर सोडून उतरणे, पिठाचे रिंगण आखणे, कणकेची बाहुली टाकून हस्तरच्या लंगोटातली नाणी ओरबाडणे हे सगळे अप्रतिमच आहे, पण तो लालभडक देह पूर्ण दिसला की माझी भीती निम्मी होते. लपवला असता तर?

यावर मैत्रीण जे म्हणते त्याला अजून कोणी उत्तर दिलेले नाही. "सामरी पहिल्या रिळापासून दिसतो. त्याच्याबद्दल कधी तक्रार केलीस?"

केलेली नसते. सामरीकडून आपली अपेक्षाच नसते, म्हणून त्याचे सगळे माफ. हस्तरने आधी तासभर काही चुकवले नाही, म्हणून त्याची एक फ्रेम जास्त झालेली खुपते. (पाहा, मीही फ्रेम म्हणालो.)

आणीबाणीचे प्रसंग

साडेबाराच्या पुढे कोणीतरी "सिनेमाचं सोड, आमच्या गावाला खरंच..." अशी सुरुवात करतो. गाव बहुधा कोकणात असते आणि पाहणारा हमखास मामा असतो. या गोष्टीत खोट काढता येत नाही, कारण मामा हयात नसतो. तिला दोन्ही याद्यांत जागा नाही. सांगणाऱ्याला सन्मानाने चहा करायला पाठवावे.

एखाद्याने यातला एकही सिनेमा पाहिलेला नसतो, पण रील्समधून सगळ्यांचे शेवट माहीत असतात. त्याच्याकडून 'लपाछपी' पाहायचे वचन घ्यावे. उसाच्या शेतात दिवसाउजेडी घाबरवणारा हा 2017 चा मराठी सिनेमा विशाल फुरिया यांनीच पुढे हिंदीत 'छोरी' म्हणून केला. आधी हिंदी पाहिला असेल तर वचन रद्द.

कोर्सवाला अगदीच आवरेनासा झाला तर शेवटचा उपाय. 'आहट' ही मालिका, जिच्या दार करकरण्याच्या आवाजाने अर्धी पिढी अंथरुणात ओली झाली, ती बी. पी. सिंग यांची. तेच गृहस्थ फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी आणि 2018 मध्ये त्याच संस्थेचे अध्यक्ष. हे ऐकवल्यावर तो साधारण दहा मिनिटे शांत असतो.

आणि शेवटी कोणीतरी म्हणतोच, "बोलत काय बसलाय, लावा की." तेव्हा बिनखोट यादीतला सिनेमा लावू नये, पहिल्या अर्ध्या तासात निम्मे झोपतात. 'पुराना मंदिर' लावावा. त्यात मध्येच एक विनोदी उपकथानक घुसते. 'शोले'ची सरळ नक्कल, आणि मच्छर सिंग नावाच्या डाकूच्या कामात जगदीप. म्हणजे जो माणूस बिनखोट सिनेमात सूरमा भोपाली होता, तोच लाजेच्या सिनेमात नकली गब्बर झाला आहे. सामरी तिकडे मुंडके शोधत असताना हे इकडे बराच वेळ चालते. कोणीतरी "हे पुढे ढकल रे" म्हणून रिमोटला हात घालेल. रिमोट आधीच मैत्रिणीकडे देऊन ठेवावा.